टेंभरटोल्याचा तांदूळ

अयूबभाईंना या कामात महिन्याला अठरा हजार रुपये सुटणार होते. डिझेल, ड्रायव्हर, टायरची झीज सगळं वजा जाऊन. खाणीचा दगड वाहायला दोन ट्रक, रोज तीन खेपा, महिन्याचे पंचवीस दिवस. म्हणजे वर्षाचे दोन लाख सोळा हजार. हा हिशोब त्यांनी कोऱ्या कागदावर, समास सोडून मांडला होता आणि तो कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला होता. दिवसातून दोनदा ते तो काढून वाचत. आकडे तेच असत, पण वाचताना बरं वाटे.

जमेच्या समोर खर्चही मांडला होता. सावली गावाच्या बाजारात त्यांचं दुकान. पाटीवर 'अयूब किराणा', पण किराणा नुसता दाखवायला. खरा धंदा मागच्या गोदामात. आजूबाजूच्या गावांतून मोहफूल यायचं, चारोळी यायची, मोहाच्या बियांची टोरी यायची. अयूबभाई ती घेत, साठवत आणि भाव चढला की नागपूरच्या व्यापाऱ्याला देत. एकट्या टेंभरटोल्यातून त्यांना वर्षाला अडतीस हजार सुटत. टेंभरटोल्यामागची टेकडी खाणीत गेली की हे अडतीस जाणार. दोनशे सोळा येणार, अडतीस जाणार. शिवाय खाणवाल्यांच्या सांगण्यावरून दोन दिवस सर्व्हेवाल्याला गावात फिरवायचं, त्याचं पेट्रोल एकशे वीस रुपये. चहा वेगळा.

खर्चाच्या बाजूला आणखी काही मांडायचं राहिलंय, असं त्यांच्या मनातही आलं नाही. हिशोबी माणसाला विकत घेतलेल्या वस्तूचा भाव बरोबर ठाऊक असतो.

हे दोन हजार तीन सालचं. टेंभरटोल्याच्या टेकडीवरचं बेचाळीस हेक्टर जंगल दगडाच्या खाणीसाठी मागितलं होतं. जंगल मागायचं तर आता त्याची किंमत भरावी लागे, हेक्टरच्या हिशोबानं. त्याशिवाय एक अहवाल लागे, की या जंगलावर कोण जगतं, किती जगतं. अहवालाचं काम नागपूरच्या एका संस्थेला मिळालं, आणि संस्थेनं ते दर फॉर्मला पंचवीस रुपयांप्रमाणे मिथुनला दिलं.

मिथुन ब्रह्मपुरीकडचा. अर्थशास्त्रात एम. ए., वर्ग दुसरा, नोकरी नाही. एकसष्ट घरं, एकसष्ट फॉर्म, पंधराशे पंचवीस रुपये. पोरगा प्रामाणिक होता. या सगळ्या प्रकरणात प्रामाणिकपणे काम करणारा तो एकटाच, आणि नुकसानीची सुरुवात त्याच्यापासूनच झाली.

चूक शर्टाची होती. उन्हातान्हात फिरायचं, मळ दिसू नये, म्हणून त्यानं ब्रह्मपुरीच्या बाजारातून दोन खाकी शर्ट घेतले होते.

एप्रिलचा पहिला आठवडा. मोहाचा सीझन ऐन भरात. अयूबभाईंच्या स्कूटरवर मागं बसून मिथुन टेंभरटोल्यात शिरला तेव्हा अख्ख्या गावाला मोहाचा गोडूस, डोकं जड करणारा वास होता. आणि अंगणं रिकामी. म्हणजे तीन मिनिटांपूर्वी नव्हती. खाकी शर्ट वळणावर दिसल्याबरोबर वाळत घातलेल्या फुलांवर सतरंज्या पडल्या, सतरंज्यांवर म्हातारी माणसं झोपली, आणि एका घरी तर चक्क कोंबड्या सोडल्या. नाकेदार, म्हणजे जंगलावरचा शिपाई, आला की गाव हे असंच करी. बापजाद्यांपासूनची सवय. जंगलातून काय आणता, या प्रश्नाला टेंभरटोल्यात एकच उत्तर होतं, आणि ते लहान मुलालाही पाठ होतं.

"काई नाई, साहेब."

पहिलं घर पोचूचं. पोचू गावातला जाणता गोंड म्हातारा. मिथुननं फॉर्म गुडघ्यावर ठेवला. "बाबा, रकाना नऊ. जंगलातून वर्षाले किती उत्पन्न होते? मोह, चारोळी, डिंक, सरपण, सारं धरून."

"काई नाई."

"थोडंफार?"

"जंगलात जातच नाई बाप्पा आमी. वाघ हाये तिथी."

"मग हा वास कशाचा?"

पोचूनं नाक वर करून वास घेतला, जणू पहिल्यांदाच येत होता. "वारा सुटला आहे," तो म्हणाला. "तिकडून येऊन राह्यला." तिकडे म्हणजे कुठे, ते त्याच्या हातावरून कळलं नाही. हातानं त्यानं सगळ्या बाजू दाखवल्या.

मिथुन हसला. त्याची स्वतःची आई मोहं वेचायची. पण संस्थेनं दिलेल्या सूचनापत्रात तिसरी ओळ अशी होती: कुटुंबाने सांगितले तेच लिहावे, स्वतःच्या मनाने भरू नये. तरी त्यानं दोनदा सांगून पाहिलं. मी नाकेदार नाही, हा सर्व्हे आहे, खरं सांगितलं तर तुमच्या फायद्याचं आहे. 'फायद्याचं आहे' हे शब्द ऐकल्यावर जो तो अधिकच सावध झाला. त्या गावात हे वाक्य आजवर पाचसहा वेळा बोललं गेलं होतं आणि दरवेळी काहीतरी गेलं होतं.

रकान्यात काहीच नसेल तर सरकारी कागदावर एक शब्द लिहितात: निरंक. रेघ मारली तर साहेब विचारतो विसरलास का. शून्य लिहिलं तर पुढं कोणी आकडा चिकटवेल. निरंक लिहिलं की विषय संपला. मिथुननं पोचूच्या फॉर्मवर निरंक लिहिलं आणि त्याचा अंगठा घेतला.

अकरावं घर रुखमाबाईचं. पन्नाशी उलटलेली, नवरा नाही, एक मुलगी सावलीला दिलेली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली चारोळीचं पोतं, पोत्यावर घाईनं टाकलेलं लुगडं. गावात सगळ्यात जास्त चारोळी तिची असायची, आणि भावावरून अयूबभाईंशी सगळ्यात जास्त भांडायचीही तीच.

मिथुननं नववा रकाना वाचला. रुखमाबाईनं आधी दाराबाहेर स्कूटरला टेकून उभ्या असलेल्या अयूबभाईंकडं पाहिलं. घेणारा माणूस समोर असताना काय सांगावं, हे घेणाऱ्यालाच विचारणं बरं. ती नुसती बघत राहिली, भुवया जरा वर करून.

एवढ्या एका क्षणात अयूबभाईंना काहीही करता आलं असतं. मान हलवली असती तर ती बोलली असती. त्यांनी स्कूटरच्या मागच्या चाकात हवा किती आहे ते अंगठ्यानं दाबून पाहिलं.

"काई नाई," रुखमाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकसष्ट घरं झाली. परत येताना मिथुन मागून म्हणाला, "भाऊ, हे बरोबर नाई झालं. अख्ख्या गावात एक रुपया नाई?"

"जे सांगतलं ते लिहिलं ना तू?"

"हो."

"मग तुझं काय गेलं?"

अयूबभाईंनी त्याला स्टँडवर चहा पाजला, आणि एकशे वीसचे एकशे चोवीस झाले.

जुलैत गावच्या शाळेत सभा झाली. चंद्रपूरहून एक अधिकारी आले, खाणवाल्यांचा एक चष्मेवाला माणूस आला, आणि वाचायला मिथुनला बोलावलं होतं. या वेळी शर्ट पांढरा होता. अयूबभाईही आले होते, ट्रकचं कुठपर्यंत आलं ते चष्मेवाल्याला विचारायला.

मिथुन खाली मान घालून वाचत गेला. जमीन इतकी, झाडं तीन हजार नऊशे बारा, हेक्टरी दर पाच लाख ऐंशी हजार, एकूण दोन कोटी त्रेचाळीस लाख साठ हजार. हा आकडा ऐकून बायकांच्या बाजूला कुजबूज झाली. आपल्या मागच्या टेकडीला कोणी इतके पैसे देईल हे कोणाला खरं वाटेना. एक म्हातारी म्हणाली, "मंग एका घराले किती आले?" तिची नात बोटांवर भागायला लागली आणि बोटं कमी पडली.

"हे पैसे सरकारच्या निधीत जातात," अधिकारी म्हणाले. "दुसरीकडे झाडं लावायला. गावाचा भाग पुढे येतोय. वाचा."

मिथुननं वाचलं. "रकाना नऊ. स्थानिक कुटुंबांचे जंगलापासूनचे उत्पन्न: निरंक. बाधित कुटुंबे: निरंक."

कोणालाच काही समजलं नाही. मग पोचू उठला. "निरंक म्हंजे का होते?"

"काईच नाई, बाबा."

"कोनी सांगतलं?"

मिथुननं वर पाहिलं. "तुमीच. एकसष्ट घरं, एकसष्ट अंगठे. माह्यापाशी हायेत."

पोचू उभाच राहिला. बसायचं असतं हे तो विसरला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भांडण नव्हतं. दारातून आत यावं आणि घर रिकामं दिसावं, तसा तो आपल्याच उजव्या अंगठ्याकडं बघत होता. मागच्या रांगेत कोणी कोणाला विचारत नव्हतं. प्रत्येकाला आपण काय सांगितलं होतं ते आठवत होतं, आणि प्रत्येकाला वाटत होतं की निदान शेजाऱ्यानं तरी खरं सांगितलं असेल.

पहिली सावरली रुखमाबाई. "साहेब, आमी नाकेदाराले भिऊन बोललो. पोट तं आमचं जंगलच भरते. इचारा या अयूबभाऊले. अकरा वर्सं झाले, सारा माल थेच घेते." आणि त्यांच्याकडं वळून, "सांग न भाऊ. किती मोह घेतेस तू आमच्या गावातून?"

सगळ्या माना वळल्या. चष्मेवाल्याचीही वळली, आणि अधिकाऱ्यांचीही. मोहफूल घ्यायला, साठवायला परवाना लागतो. अयूबभाईंकडं तो कधीच नव्हता. अकरा वर्षांत त्यांना तो काढावासा वाटला नाही, कारण परवाना काढला की माल किती तेही दाखवावं लागतं.

"माझं किराणा दुकान आहे, साहेब," अयूबभाई म्हणाले. "मी इथी तेल-मीठ इकतो."

आजवर भावात, मापात, काट्यात त्यांनी रुखमाबाईला फसवलं असेल. ते धंद्यातलं, तेवढं ती धरूनच चालायची. पण जो माणूस तिच्या अंगणात बसून पोत्यात हात घालून चारोळी दाताखाली फोडून बघायचा, तो चारचौघांत म्हणत होता की मी तेल-मीठ विकतो. आणि तोंडही वाकडं न करता.

अधिकाऱ्यांनी कागद गोळा केले. "तीस दिवस आहेत. लेखी पुरावा घेऊन चंद्रपूरला या. मी रकाना बदलून देईन. तोंडी सांगून मला बदलता येत नाही, कारण तोंडी तुम्ही एकदा सांगितलंय."

पुरावा होता, फक्त एका ठिकाणी. सावलीला, गोदामाच्या कोपऱ्यातल्या पत्र्याच्या पेटीत. दुकानाच्या वह्या अयूबभाई नाही, त्यांची बायको सलीमा लिहायची. सातवी शिकलेली, अक्षर छापल्यासारखं. गाव, नाव, वजन, भाव, तारीख. मात्र माल काय, ते वहीत खरं लिहायचं नाही, असा अयूबभाईंचा हुकूम होता. कोणी तपासायला आलं तर किराण्याची वही दिसली पाहिजे. म्हणून मोहफुलाला लिहायचं तांदूळ. चारोळीला डाळ. टोरीला चिंच. अकरा वर्षं सलीमानं असंच लिहिलं, आणि ती इतकी तयार झाली होती की मोहाचा ट्रक भरतानाही तोंडातून तांदूळच निघायचं.

सभेनंतर दोन दिवसांनी दुपारी तिनं टेंभरटोल्याची पानं काढली आणि नवऱ्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी मांडली.

"पिछले साल का," ती म्हणाली. "तांदूळ एकशे बावीस क्विंटल, सदुसष्ट हजार शंभर. डाळ अठरा क्विंटल तीस किलो, चौसष्ट हजार पन्नास. चिंच, सतरा हजार ऐंशी. जोड करो तो एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे तीस. घर के पीछे कितना पता है? दो हजार चारसौ तीस. रुखमाबाई के अकेले तीन हजार आठशे साठ."

"मले माहीत आहे."

"मालूम है तो वहाँ क्यूँ नहीं बोले? ये निरंक है क्या?"

"ट्रक कामावर घेतल्याची चिठ्ठी आली की देतो वही," अयूबभाई म्हणाले. "आधी बोललो तर खाणवाले ट्रक देतील? तीस दिवस आहेत. चिठ्ठी आली की दुसऱ्या दिवशी चंद्रपूर. गावाचंही होईल, आपलंही होईल."

हिशोब चोख होता. दोन्ही खाती जमेला. सलीमानं वही मिटली आणि एवढंच म्हणाली, की तांदळाला मोह कोण म्हणणार, ते आधी ठरवा. अयूबभाईंनी भातावर वरण घेतलं.

त्या महिन्यात त्यांनी गोदाम विकलं. जंगल गेल्यावर गोदामात काय भरायचं होतं? आलेल्या पैशांत दोन जुने ट्रक घेतले आणि दोन्हींच्या माथ्यावर मुलींची नावं रंगवली, अंजुम आणि निशात. मिथुन दोनदा दुकानावर येऊन गेला. पंधराशे पंचवीस त्याला मिळाले होते, पण तो झोपत नसावा. "भाऊ, तो रकाना माह्या हातानं लिहिला मी," एवढंच म्हणायचा आणि पुढ्यातला चहा थंड करायचा. रुखमाबाई दर बाजाराला येऊन दुकानाच्या पायरीवर बसायची. सामान घ्यायची नाही. "कधी जायाचं, भाऊ?" विचारायची. "जाऊ," ते म्हणायचे.

एकोणतिसाव्या दिवशीही चिठ्ठी आली नाही, तेव्हा अयूबभाई स्वतःच खाणवाल्यांच्या तंबूवर गेले. चष्मेवाल्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं. मग एक कागद उलटा करून त्यांच्यापुढं सरकवला.

"स्थानिकांच्या गाड्या घ्यायच्या, ही अट होती. होती, म्हणजे बाधित गाव असेल तर. इथं बघा, बाधित कुटुंबे निरंक. बाधितच कोणी नाही तर स्थानिक कोण? वरून आलंय, गाड्या बाहेरच्या ठेकेदाराच्या. साठ ट्रक आहेत त्याचे. भाव तुमच्यापेक्षा कमी."

अयूबभाईंनी तो शब्द वाचला. पुन्हा वाचला. त्यांना वाटत होतं ते गावाचं खातं आहे. आपलं नाव त्याच ओळीत बसलंय हे त्यांना दिसलंच नव्हतं. ते स्कूटरपर्यंत आले आणि चावी खिशात आहे की हातात, हे त्यांना पाच मिनिटं सापडेना. हातात होती.

तिसाव्या दिवशी सकाळी ते वह्यांची पिशवी घेऊन एसटी स्टँडवर आले. रुखमाबाई आधीच फलाटावर होती. सलीमानं निरोप पाठवला होता.

"चल," ते म्हणाले. "आज सारं सांगतो. तुझं जायाचं तिकीट माह्याकडं."

"सांगशील नं पन? नाईतं तिथी जाऊन तेल-मीठ इकशील."

"सांगतो म्हटलं न बाई."

जाण्याचे बत्तीस त्यांनी तिचे भरले. मूल गाव मागं पडलं. मग रुखमाबाईनं पदरातून चार चारोळ्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या. त्यांनी सवयीनं एक दाताखाली धरली आणि म्हणाले, "या खेपेले दाणा बारीक आहे." ती हसली. तिला वाटलं, माणूस जागेवर आला.

चंद्रपूरच्या कार्यालयात तेच अधिकारी होते. त्यांनी खरंच वेळ दिला. चष्मा लावून वही पान पान पाहिली, सलीमाच्या अक्षराचं कौतुक केलं. दहा मिनिटांनी मान वर करून म्हणाले, "यात तर तांदूळ आहे. डाळ आहे. चिंच आहे."

"हो, साहेब."

"मग जंगलाचं काय आहे यात? उलट गावाची शेती चांगली दिसते. एकशे बावीस क्विंटल तांदूळ विकतात म्हणजे खाऊन-पिऊन सुखी आहेत."

रुखमाबाईला आधी वाटलं साहेब थट्टा करतात. गावात एक बोडी, पावसाच्या पाण्यावर भरणारं तेवढं एक तळं, आणि त्याखालची साठ एकर धानाची जमीन. फेब्रुवारीत घरातला तांदूळ संपायचा. तिला वाचता येत नव्हतं. अकरा वर्षं त्या वहीत तिच्या नावापुढं काय लिहिलं जात होतं, ते तिला आज पहिल्यांदा कळलं. ती हळूच म्हणाली, "आमी तांदूळ इकला? कवा?"

"साहेब," अयूबभाई पुढं सरकले, "हे तसं नाई. म्हणजे लिहायची एक पद्धत असते धंद्यात."

अधिकाऱ्यांनी पेन उचललं. "पद्धत काय ते सांगा. मी लिहून घेतो. हे तांदूळ नाही, मोहफूल आहे, असं म्हणायचंय का तुम्हाला? म्हणा. मी जबाब घेतो, रकाना आजच बदलतो. फक्त मोहफूल असेल तर खाली तुमचा परवाना नंबर लिहावा लागेल. नसेल तर तसं लिहू. मग त्याचं पुढं जे व्हायचं ते दुसऱ्या खात्याकडून होईल, ते माझ्या हातात नाही."

पेन कागदावर टेकलं होतं. भिंतीवरचा पंखा फिरत होता. अयूबभाईंनी रुखमाबाईकडं पाहिलं. ती त्यांच्याकडंच बघत होती, भुवया जरा वर करून.

त्यांना 'मोह' म्हणायचं होतं. सलीमाला तसं सांगून आले होते. रात्रभर घोकलं होतं. पण दोन ट्रक दाराशी उभे होते, गोदाम गेलं होतं, अकरा वर्षांचा माल तारखेनिशी समोर उघडा होता, आणि समोर सरकार बसलं होतं.

"तांदूळच आहे, साहेब," ते म्हणाले.

म्हटल्यावर त्यांना स्वतःलाच ऐकू आलं. आवाज त्यांचाच होता. अगदी साधा. काई नाई म्हणताना पोचूचा आवाज असाच साधा होता.

रुखमाबाई खुर्चीवरून उठली. "साहेब, खोटं आहे. मोहच आहे थे. माहीच चारोळी आहे, थे डाळ."

अधिकाऱ्यांनी एक फॉर्म काढला. "बाई, हा अंगठा तुमचा?"

"माहाच."

"इथं तुम्ही काही नाही म्हणालात."

"तवा म्या खोटं बोलली."

"आणि आता हे खोटं बोलतात असं म्हणता. मग मी कोणाचं लिहू?" त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. ते खरंच विचारत होते. "अयूबभाई, पुन्हा विचारतो."

अयूबभाई वह्या पिशवीत भरत होते. मोठी आधी, छोटी मागून.

परतीच्या एसटीत दोघं एकाच बाकावर बसले, कारण दुसरी जागा नव्हती. कंडक्टर आला तसे अयूबभाईंनी दोन बोटं वर केली, दोन सावली. रुखमाबाईनं कनवटीचे पैसे सोडले, मोजून बत्तीस कंडक्टरच्या हातावर ठेवले, आणि जातानाचे बत्तीस मोजून त्यांच्या मांडीवर. मूल गावाला एक बाई उतरल्यावर ती पुढच्या बाकावर जाऊन बसली.

पुढं कोणी किती भरलं, ते असं.

खाणवाल्यांनी दोन कोटी त्रेचाळीस लाख साठ हजार भरले. त्याची पावती आहे. ते पैसे ज्या झाडांसाठी गेले ती कुठं लावली, ते टेंभरटोल्यात कोणाला ठाऊक नाही. बाहेरच्या ठेकेदारानं काही भरलं नाही. अधिकाऱ्यांनी आक्षेपावर 'पुराव्याअभावी निकाली' असं लिहिलं, त्यात त्यांची अर्धी ओळ शाई गेली. मिथुननं पंधराशे पंचवीस परत करायला मनीऑर्डर केली. संस्थेनं ती घेतली नाही, अशी रक्कम घ्यायला त्यांच्याकडं रकाना नव्हता. मनीऑर्डरचे शहात्तर त्याचे गेले. अयूबभाईंचे दोन्ही ट्रक वर्षभर उभे राहून गंजले आणि सत्तर हजाराच्या तोट्यात विकले गेले. गोदाम गेलं ते गेलं. सलीमानं वह्या लिहिणं सोडलं, त्याचं मोल त्यांनी अजून मांडलेलं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात उघड्या टेकडीवरून पाणी आलं ते दगडाची भुकटी घेऊन आलं. बोडी अर्धी भरली, पाण्यानं नव्हे, त्या भुकटीनं, आणि खालची तीस एकर धानाची जमीन पडीक पडली. हे कुठल्याच फॉर्मवर नव्हतं, कारण बोडीत पाणी कुठून येतं, हा प्रश्न कोणी छापलाच नव्हता. सरपणाला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता बायका पहाटे निघून दहाला येतात.

आणि मोह, चारोळी, टोरी मिळून एक लाख अठ्ठेचाळीस हजार दोनशे तीस रुपये टेंभरटोल्याच्या एकसष्ट घरांनी भरले. एकदा नाही, दर साल. कोणी मागायला आलं नाही, कोणी पावती दिली नाही. त्यात पोचूचे दोन हजार शंभर, रुखमाबाईचे तीन हजार आठशे साठ, आणि चंद्रपूरला जाण्यायेण्याचे तिचे चौसष्ट वेगळे.